कप्तान आणि तीन राजांचं निशाण

नाताळापासून सहा जानेवारीपर्यंत कप्तान आल्या वाटेनं परत जात नसे. अगदी शब्दशः. सिंगापूरला बेडोकमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये तो लिफ्टनं वर आला तर जिन्यानं खाली उतरे. आमची लिफ्ट तेव्हा जुन्या पद्धतीची होती, दर मजल्यावर थांबायची नाही. म्हणजे येताना वरच्या मजल्यावर उतरून एक जिना खाली यायचं आणि जाताना पलीकडच्या टोकाच्या जिन्यानं सगळे मजले तुडवायचे. शहराच्या मध्यात तांजोंग पगारला कुणाकडे बोलावणं असलं तर जाताना बस आणि येताना एमआरटीची मेट्रो. एकदा बाजारातून निघाल्यावर कांदे राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं. मागे वळणं तर शक्य नव्हतं, म्हणून पठ्ठ्या बाजाराला लागून असलेल्या खाण्याच्या गाळ्यांच्या अख्ख्या हॉकर सेंटरला वळसा घालून कांद्यांपर्यंत पोचला. तोवर भाजीवाली दुकान आवरून गेली होती.

कारण विचारलं की तो काल घडलेली गोष्ट सांगावी तसा सांगे. तीन राजे चांदणीच्या मागोमाग बाळ येशूला बघायला निघाले. तिथल्या दुष्ट राजानं त्यांना सांगून ठेवलं होतं, बाळ सापडलं की मला येऊन सांगा. पण राजांना स्वप्नात इशारा मिळाला आणि ते दुसऱ्याच वाटेनं आपापल्या घरी गेले. म्हणून त्या राजांचं निशाण घेऊन फिरणाऱ्यानंही आल्या वाटेनं परतायचं नाही. मी म्हटलं, अरे पण बेडोकमध्ये कोण टपून बसलंय? कप्तान म्हणाला, "दोतोर, टपून बसलेला माणूस दिसला असता तर स्वप्न कशाला पडलं असतं?" मला तो दोतोर म्हणे. माझी पीएचडी पोलादाला जाणाऱ्या भेगांवर आहे हे कळल्यापासून तो माझ्याशी जरा हळुवारपणे बोलत असे, जसं आजारी माणसाशी बोलतात.

कप्तान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जहाज आलं असेल, तर ते बाजूला ठेवा. हा माणूस ब्राझीलच्या आतल्या डोंगराळ भागातला, कॉफीच्या मळ्यांमधला. समुद्र त्यानं पहिल्यांदा पाहिला तो लग्न झाल्यावर, आणि तोही त्याला आवडला नाही. पोहता येत नव्हतं. सिंगापूरच्या पश्चिम टोकाला आमच्या जहाजबांधणीच्या यार्डात त्यांच्या देशासाठी समुद्रातलं तेल काढायचा एक अवाढव्य प्लॅटफॉर्म बांधला जात होता, आणि त्यावरच्या पाइपांचे जोड तपासायला मालकांच्या बाजूनं आलेल्या मंडळींपैकी हा एक. नाव लांबलचक होतं, ते फक्त त्याच्या पासवर असायचं. कप्तान हा त्याचा हुद्दा होता, पण गावाकडचा. तिथे तीन राजांचं निशाण घेऊन घरोघरी गात जाणाऱ्या टोळीच्या म्होरक्याला कप्तान म्हणतात. त्याचे वडील कप्तान होते, आजोबा कप्तान होते. यार्डातल्या तमिळ पोरांना हे काय ठाऊक. ती बिचारी त्याला आरमारातला मोठा अधिकारी समजून सलाम ठोकत. तोही सलाम परत करी. त्यांचा हिरमोड कशाला करायचा, असं त्याचं म्हणणं.

आमची ओळख कंपनीच्या बसमधली. तोही बेडोकलाच, दोन ब्लॉक सोडून राहायचा. पहाटे बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या त्या बसमध्ये सगळं जग झोपायचं, आणि हा मात्र गुणगुणत बसायचा. एका डिसेंबरात त्यानं मला हलवून उठवलं आणि विचारलं, तुझ्या घराला दार आहे ना? मी अर्धवट झोपेत हो म्हणालो. हे आमंत्रण दिल्यासारखं झालं हे मला नंतर कळलं.

यार्डातल्या ब्राझीलवाल्यांची टोळी त्यानं इथेही जमवली होती. त्यांचा रिवाज असा. मंडळी बंद दाराबाहेर उभी राहतात आणि गातात. गाण्यातच विनंती असते, घरच्या धन्या, दार उघड, दुरून राजे आलेत. ते गाणं पुरं होईपर्यंत दार उघडायचं नाही. कप्तानानं हे मला बजावून सांगितलं होतं आणि मी माझ्या बायकोला, सुनंदाला सांगितलं होतं. पण नागपूरच्या बाईला दारात पाहुणे उभे आहेत आणि दार लावलेलं आहे हे सहन कसं व्हावं? पहिली ओळ संपायच्या आत तिनं दार उघडलं, बाहेरची लोखंडी जाळी उघडली, आणि "या, या, बसा, पाणी घ्या" म्हणून अकॉर्डियनवाल्याच्या हाताला धरून त्याला आतच ओढलं. गाणं थांबलं. कप्तानानं हात जोडून, अत्यंत अदबीनं, वहिनी, कृपा करून आमच्या तोंडावर दार लावा, अशी विनवणी केली. तिनं दार लावलं आणि आत दाराला पाठ लावून उभी राहिली. बाहेर सहा माणसं जीव तोडून गातायत आणि आत ही डोळ्यांत पाणी आणून म्हणतेय, "अहो, काय म्हणतील लोक? आल्यागेल्याला दारात उभं केलं म्हणतील."

लोकांनी, म्हणजे समोरच्या चिनी आंटीनं, वेगळंच काढलं. ढोल ऐकून ती बाहेर आली, मुखवटा घातलेला सोंगाड्या पाहिला, आणि यंदा चिनी नव्या वर्षाचा लायन डान्स इतक्या लवकर कसा, असं आमच्या लेकीला, मुग्धाला विचारून आत गेली. परत आली ती संत्र्यांची पिशवी घेऊन. कप्तानानं ती निशाणाला दाखवून स्वीकारली आणि आंटीच्या दारातही दोन कडवी म्हटली. निशाणाला दिलेलं काही नाकारायचं नाही हाही नियमच होता. सुनंदानं पुढ्यात ठेवलेला झुणका आणि ठेचा याच नियमापायी त्यानं संपवला. मिशांवर घाम जमा झाला होता. पुसत पुसत म्हणाला, "हे जेवण नाही, प्रायश्चित्त आहे. थोडं आणखी वाढा."

पण त्या दिवसातली एक गोष्ट मी विसरलेलो नाही. सोंगाड्या म्हणजे नेल्सन नावाचा एक काटकुळा वेल्डर. कोलांट्या मारायचा, लोकांच्या खोड्या काढायचा, त्याला सगळं माफ. फक्त घरात बाळ येशूचा गोठा मांडलेला असला तर त्याच्यापुढे त्यानं मुखवटा काढून उभं राहायचं. आमच्या घरात गोठा कुठला? आम्ही बौद्ध. शोकेसमध्ये बुद्धाची एक छोटी मूर्ती आणि शेजारी माझ्या वडिलांचा फोटो, एवढंच. कप्तानानं खोलीभर नजर फिरवली, मूर्तीपाशी थांबला आणि हे कोण म्हणून मला विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं मान हलवली आणि नेल्सनला खूण केली. नेल्सननं मुखवटा काढला, केस सारखे केले आणि हात बांधून उभा राहिला. सुनंदा त्या क्षणापासून कप्तानाला भाऊ म्हणायला लागली.

बोलावणं आलं की नाही म्हणायचं नाही, या नियमानं मात्र एकदा त्याचा घात केला. पुलाउ उबीनवर सायकली भाड्यानं देणारा एक म्हातारा कॅथलिक होता. कुणाकडून तरी त्याच्या कानावर गेलं आणि त्यानं निशाणाला बोलावलं. झालं. मधे समुद्र, आणि बेटावर जायला यायला एकच धक्का. जाताना कप्तान बोटीत डोळे मिटून, निशाणाच्या काठीला मिठी मारून बसला होता. बोटवाला बारा माणसं भरल्याशिवाय बोट सोडत नाही आणि बायकापोरं, आम्ही घरचे, सगळे धरून एक कमी होता, तेव्हा निशाण बारावं आहे असं त्यानं डोळे न उघडताच बोटवाल्याला पटवलं. परतताना खरी पंचाईत झाली. आल्या वाटेनं जायचं नाही आणि दुसरी वाट नाही. मंडळी धक्क्यावर उभी, ऊन टळटळीत, बोटवाला कंटाळलेला. नेल्सन म्हणाला, मग सहा तारखेपर्यंत इथंच राहू. कप्तानानं पाण्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "पाण्यावर पाऊल उमटत नाही. ज्या वाटेची खूण राहत नाही ती वाट मोडल्याचं पाप लागत नाही." हा नियम त्याच्या आजोबांच्या वेळचा आहे असं त्यानं वर ठोकून दिलं. ज्या गावात तळंसुद्धा नव्हतं त्या गावात हा नियम कुणी केला असेल, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

हे निशाण म्हणजे काही भरजरी वस्तू नव्हती. जुन्या साटिनचा हातभर रुंदीचा तुकडा, त्यावर तीन घोडेस्वार रंगवलेले, एका घोड्याचं तोंड पुसट झालेलं, आणि खाली घरोघरच्या लोकांनी बांधलेल्या रंगीत फिती. ते त्याच्या गावचं होतं, त्याचं एकट्याचं नव्हतं. गावात हमरस्त्यालगत वेगळ्या पंथाचं नवं चर्च निघालं, त्यांना ही चित्रं, हे मुखवटे, हे गाणंबजावणं मान्य नव्हतं. निम्मं गाव तिकडे गेलं. पोरं शहरात गेली. कप्तानाचे वडील गेले तेव्हा टोळीत पाच म्हातारे उरले होते आणि त्यांच्यातल्या कुणालाच चढण चढवत नव्हती. वडिलांनी शेवटच्या आजारात त्याच्याकडून एकच वचन घेतलं होतं, निशाण दर वर्षी घराबाहेर पडलं पाहिजे. एक वर्ष ते पेटीत राहिलं की मग पेटी कुणी उघडत नाही, असं म्हातारा म्हणे. म्हणून सिंगापूरला निघताना कप्तानानं सामानात कपडे कमी घेतले आणि निशाण घेतलं. त्याची बायको लुझिया हे सांगताना नेहमी पुढे जोडायची की कमी घेतलेले कपडे तिचे होते.

मग तो वाईट डिसेंबर आला. प्लॅटफॉर्मचं काम संपलं, तीन टगबोटींनी त्याला ओढत समुद्रात नेलं, आणि त्याच्यामागोमाग सगळे ब्राझीलवाले विमानानं घरी गेले. नेल्सन गेला, अकॉर्डियनवाला गेला, ढोलवाला गेला. कागदपत्रं निस्तरायला म्हणून कप्तानाला जानेवारीअखेरपर्यंत ठेवून घेतलं होतं. टोळीत उरले दोघं, तो आणि लुझिया. बसमधलं गुणगुणणं थांबलं. मी विचारलं तर म्हणाला, या वर्षी निशाण निघणार नाही. दोन माणसांची टोळी होत नाही, दोन माणसं म्हणजे नुसते पाहुणे. हे त्यानं खिडकीकडे बघत सांगितलं. मी त्याला इतका लहान झालेला कधी पाहिला नव्हता.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं न थांबवता म्हणाली, "किती माणसं लागतात?" मी म्हटलं, अगं, गाणं पोर्तुगीजमध्ये असतं. ती म्हणाली, "मी भाषा विचारली नाही, माणसं विचारली."

लग्नाआधी सुनंदा नागपुरात वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीत गाणाऱ्या बायकांच्या मेळ्यात होती. त्या मेळ्यातली एक आता वुडलंड्सला राहते, आणि इथल्या आमच्या मंडळातल्या आणखी दोघींना गळा होता. चौघी जमल्या. ढोल माझा मित्र कांबळे याच्याकडे गेला, कारण त्यानं लहानपणी लेझीमच्या पुढे हलगी वाजवली होती. अकॉर्डियन लुझियानं गळ्यात घातलं. आता फक्त सोंगाड्या राहिला, आणि सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. भेगांवरचे माझे शोधनिबंध कुणी इतक्या एकमतानं कधी स्वीकारले नव्हते.

पंधरा दिवस आमच्या हॉलमध्ये तालीम चालली. बायकांनी शब्द देवनागरीत लिहून घेतले, अर्थ विचारले, आणि तीन राजांनी बाळाला भेट म्हणून सोनं, ऊद आणि कसलासा डिंक नेला हे कळल्यावर बाळंतिणीला डिंक नेणारे राजे समजूतदार असले पाहिजेत असं एकमतानं ठरवलं. अडचण दुसरीच होती. या गाण्यात एकेक आवाज वर चढत जातो आणि सगळ्यात वरचा आवाज ओळीच्या शेवटी एक लांब किंकाळी घेतो. सुनंदा ती किंकाळी सुरात, हरकत घेऊन, गोड करून म्हणायची. कप्तान डोकं धरून बसायचा. "वहिनी, फार छान. छान नको आहे. डोंगरापलीकडच्या माणसाला कळलं पाहिजे की आपण आलोय." चौथ्या दिवशी सुनंदा चिडली आणि अशी ओरडली की समोरची आंटी दार उघडून उभी राहिली. कप्तान उठला आणि त्यानं तिच्या हाताचं चुंबन घेतलं. मुग्धा सोफ्यावरून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मम्मी सो लाउड, लाह." कप्तान त्या दिवसापासून हे वाक्य कौतुक म्हणून वापरू लागला.

निशाण निघालं. बेडोक, टँपिनीस, तांजोंग पगारच्या एका ऑफिसातली रिकामी पँट्री, उबीनचा म्हातारा, सगळीकडे गेलं. माझ्या कोलांट्यांना लहान मुलं हसली नाहीत, मोठी माणसं हसली. कप्तान पुढे, छाती काढून, आणि मागे चार मराठी बायका अशा खणखणीत की पुढे कांबळेचा ढोल ऐकू येईना.

सहा जानेवारीला संध्याकाळी शेवटचं घर आमचं होतं. त्या दिवशी फेरी संपते आणि पुढच्या वर्षी जो निशाण काढणार त्याच्या हाती ते सोपवायचं असतं. निरोपाचं कडवं झालं. कप्तानानं निशाणाच्या फिती सारख्या केल्या आणि ते सुनंदापुढे धरलं. मी मधे पडलो. हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नव्हती. म्हटलं, कप्तान, माझ्या वडिलांनी देव सोडले ते फार सोसून, फार विचार करून सोडले. त्यांच्या फोटोसमोर मी नवीन देव आणून ठेवणार नाही.

त्याला राग आला नाही. मुखवटा अजून माझ्या हातात होता, तो त्यानं काढून बाजूला ठेवला.

"राजे देव नाहीत, दोतोर. ते त्या बाळाच्या धर्माचेसुद्धा नव्हते. परमुलखातले, वेगळं मानणारे लोक. चालत आले, भेट दिली आणि गेले. एवढंच त्यांचं काम होतं."

सुनंदा म्हणाली, "भाऊ, मी पूजा करणार नाही. पाया पडणार नाही. पण दर वर्षी दारोदार नेईन, हे कबूल."

कप्तान म्हणाला, "पाया पडणारे माझ्या गावात पुष्कळ होते, वहिनी. नेणारं कुणी राहिलं नाही."

तिनं निशाण घेतलं. मला बरं वाटलं हे आज कबूल करायला हरकत नाही. दोन आठवड्यांनी चांगी विमानतळावर त्यानं आम्हा सगळ्यांना छातीशी धरून घट्ट आवळलं, कांबळेला तर दोनदा. लुझिया म्हणाली, आता सामानात माझे कपडे मावतात. कप्तान हसला, पण रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. कधी ते खिशात घाली, कधी पाठीमागे धरी.

पुढच्या जानेवारीत आम्ही निशाण काढलं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून ब्राझीलला फोन लावला, तिकडे सकाळ होती. फोन स्टुलावर ठेवला, स्पीकर लावला, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या किंकाळीपर्यंत आम्ही सगळं म्हटलं. संपल्यावर पलीकडून काहीच आवाज येईना. मुग्धा म्हणाली लाइन गेली. मी फोन उचलणार इतक्यात लुझियाचा आवाज आला. लाइन गेली नाही, म्हणाली. फोन अंगणात खुर्चीवर ठेवलाय आणि टोळीतले जुने पाचही म्हातारे टोप्या काढून भोवती उभे आहेत. कप्तानाला जरा वेळ द्या.

आम्ही वेळ दिला. मग तो आला. ढोल मागे पडतोय म्हणून कांबळेला दोन शब्द सुनावले, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणा म्हणाला. मी म्हटलं, कप्तान, बायका दमल्यात, दिवसभर फिरल्यात. काय चुकलं ते तरी सांग.

"चुकलं काही नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "फाटकाबाहेर नव्या चर्चची माणसं येऊन उभी राहिलीयत. आत येत नाहीत, दोतोर. पण जातही नाहीत."

सुनंदा घोटभर पाणी प्यायली, तिनं निशाण सरळ धरलं, आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.